सिंगल बोर्ड कॉम्प्युटरवर हौशी इलेक्ट्रॉनिक्स : सुरुवात करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पहिला बोर्ड हातात आला की जे प्रश्न पडतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः रास्पबेरी पाय (पुढे नुसतं ‘पाय’) डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, कारण माझा हात त्याच्यावर बसलेला आहे. पिनांचे क्रमांक आणि कमांड सोडल्या तर बाकीचं बहुतेक सगळं इतर बोर्डांनाही लागू पडतं.

सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे नक्की काय?

प्रोसेसर, मेमरी, यूएसबी, डिस्प्लेची जोडणी हे सगळं एकाच सर्किट बोर्डवर असलेला पूर्ण संगणक. त्यावर लिनक्स चालतं, ब्राउझर उघडतो, प्रोग्राम लिहिता येतो. टेबलावरच्या संगणकापेक्षा वेगळं काय, तर कडेला असलेल्या उघड्या पिना. त्या पिनांना दिवा, बटण, सेन्सर जोडायचा आणि प्रोग्राममधून तो चालवायचा.

रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आला. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्या मुलांना प्रोग्रामिंगचा हाताने केलेला अनुभव कमी होत चालला आहे, हे पाय बनवणाऱ्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. ज्याच्यावर बिनधास्त प्रयोग करता येतील असा स्वस्त संगणक मुलांच्या हातात असावा, ही त्यामागची कल्पना. पहिल्या मॉडेल बी मध्ये ७०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि २६ पिना होत्या. २०१४ च्या बी प्लसपासून पिना ४० झाल्या आणि त्यांची मांडणी आजवर तशीच आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची जोडणीची आकृतीही अजून उपयोगी पडते.

आर्डुइनो किंवा पिको म्हणजे हेच का?

नाही, आणि हा फरक आधी समजून घेतला तर चुकीची खरेदी टळते. आर्डुइनो ऊनो आणि रास्पबेरी पाय पिको हे मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहेत. त्यांच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम नसते. वीज दिली की त्यात भरलेला एकच प्रोग्राम लगेच सुरू होतो, आणि वीज कधीही काढली तरी काही बिघडत नाही. ऊनोची रॅम २ केबी, पिकोची २६४ केबी. वाचायला आकडे क्षुल्लक वाटतात, पण झाडाची माती सुकली की पंप चालवायचा, एवढ्या कामाला त्या पुरून उरतात.

कॅमेऱ्याचं चित्र ओळखायचं आहे, वेबपेज दाखवायचं आहे, महिनोन्महिन्यांच्या नोंदी साठवायच्या आहेत, तर सिंगल बोर्ड कॉम्प्युटर हवा. बॅटरीवर महिनाभर चालणारा छोटा सेन्सर हवा असेल, तर मायक्रोकंट्रोलर घ्या. दोन्ही एकत्र वापरणं हाही उत्तम मार्ग आहे : मोजमाप पिको करतो, आणि नोंदी व आलेख पायकडे.

मग कोणता बोर्ड घेऊ?

पिनांशी खेळायचं एवढाच हेतू असेल, तर सगळ्यात नवा आणि वेगवान बोर्ड घेण्याची गरज नाही. एलईडी लावायला पाय ५ आणि पायचाच छोटा झिरो २ डब्ल्यू सारखेच. झिरो २ डब्ल्यूवर मात्र डेस्कटॉप आणि ब्राउझर एकदम चालवला की ५१२ एमबी रॅम अपुरी पडते, आणि त्याचं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. शिकणाऱ्याने बोर्डावरच बसून प्रोग्राम लिहायचे असतील, तर पाय ४ किंवा पाय ५ सोयीचा.

बीगलबोन ब्लॅक, ऑरेंज पाय, बनाना पाय असे इतरही बोर्ड आहेत आणि काहींचं हार्डवेअर फार छान आहे. तरीही पहिला बोर्ड असा घ्या, की ज्याची अडचण तुमच्या आधी शेकडो जणांना येऊन गेली आहे आणि त्यांनी ती सोडवून लिहून ठेवली आहे. अडकल्यावर प्रोसेसरचा वेग मदतीला येत नाही, लिहून ठेवलेली माहिती येते.

बोर्डाबरोबर आणखी काय काय लागेल?

नावाजलेलं मायक्रोएसडी कार्ड, १६ किंवा ३२ जीबीचं. योग्य अडॅप्टर. ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी), जंपर वायरी (पायच्या पिनांना एका टोकाला भोकाच्या, दुसऱ्या टोकाला टोचणीच्या लागतात), ३३० ओहम आणि १० किलोओहमचे मूठभर रेझिस्टर (प्रवाह कमी करणारे छोटे भाग), चार-पाच एलईडी, दोन बटणं. आणि व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर. अगदी साधा चालेल, पण हवाच. लोक सेन्सरांचा मोठा संच घेतात आणि मल्टीमीटर पुढच्या वेळी म्हणून ठेवून देतात. मी उलट सांगेन : सेन्सर थांबू देत, मीटर आधी.

घरातला मोबाइलचा चार्जर चालेल का?

कधी चालतो, आणि हाच त्रास आहे. अजिबात चालला नसता तर लगेच कळलं असतं. अर्धवट चालतो, आणि मग बोर्ड मधेच रिस्टार्ट होतो, वाय-फाय तुटतं, कार्डावरच्या फायली खराब होतात. आपण मात्र प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

पाय ३ ला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअर, पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. पाय ५ साठी ५ अँपिअरचा अडॅप्टर सुचवलेला आहे. ३ अँपिअरवरही तो चालतो, पण यूएसबीला जोडलेल्या सगळ्या वस्तूंना मिळून ६०० मिलीअँपिअरच देतो. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क लावली की रुसतो.

केबलकडे कोणी बघत नाही. समजा, केबलच्या दोन्ही तारांचा मिळून रोध पाव ओहम आहे आणि बोर्ड २ अँपिअर ओढतोय. अर्धा व्होल्ट केबलमध्येच गेला. चार्जरमधून ५ व्होल्ट निघाले तरी बोर्डापाशी साडेचारच पोचले. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कमी व्होल्टेजचा इशारा देतो, पडद्यावर विजेचं चिन्ह दिसतं. ते चिन्ह एकदा जरी दिसलं, तरी आधी केबल बदला. लांब आणि बारीक केबलपेक्षा आखूड आणि जाड केव्हाही बरी.

मॉनिटर आणि कीबोर्ड नसेल तर सुरुवात होईल का?

होईल. दुसऱ्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हे सॉफ्टवेअर घ्या, कार्ड लावा, बोर्डाचं मॉडेल आणि रास्पबेरी पाय ओएस निवडा. लिहायला सुरुवात करण्याआधी ते सेटिंग विचारतं. तिथेच वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वाय-फायची माहिती भरा आणि एसएसएच (नेटवर्कवरून बोर्डाला कमांड देण्याची सोय) सुरू करा. बोर्ड पहिल्यांदा सुरू झाला की थेट नेटवर्कवर येतो आणि दुसऱ्या संगणकावरून त्यात शिरता येतं.

जुन्या लेखांमध्ये ‘पाय’ हे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड दिलेला असतो. एप्रिल २०२२ पासून असा ठरावीक वापरकर्ता तयार मिळत नाही, नाव आपणच ठरवायचं.

वीज दिली, पण पडदा काळाच आहे.

पाय ४ वर दोन मायक्रो एचडीएमआय आहेत. यूएसबी-सीच्या लगतची जोडणी वापरा, आणि मॉनिटर आधी लावून मगच वीज द्या. मग हिरव्या दिव्याकडे बघा. तो अनियमित लुकलुकत असेल तर कार्ड वाचलं जातंय. अजिबात हलत नसेल तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा त्यावर ओएस नीट लिहिलेली नाही. कार्ड पुन्हा लिहा. दहापैकी बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

एकाच पिनेला दोन-दोन क्रमांक का असतात?

या गोंधळात प्रत्येक नवशिक्या अडकतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

एक क्रमांक जागेचा : १ ते ४०, ओळीने. बोर्डाच्या आतल्या बाजूच्या रांगेत विषम, कडेच्या रांगेत सम, आणि १ नंबर मेमरी कार्डाच्या टोकाला. दुसरा क्रमांक चिपच्या दृष्टीने : जीपीआयओ १७, जीपीआयओ २२ वगैरे (जीपीआयओ म्हणजे प्रोग्राममधून चालवता येणाऱ्या पिना). हे क्रमांक ओळीने येत नाहीत. ११ व्या जागेवर जीपीआयओ १७ आहे. १७ व्या जागेवर मात्र ३.३ व्होल्टची पिन आहे! म्हणजे ‘१७ ला जोडा’ एवढंच वाचून कोणी जागा मोजत गेला तर भलत्याच पिनेवर पोचतो.

वायर लावताना जागा मोजायची, प्रोग्राममध्ये जीपीआयओचा क्रमांक लिहायचा, अशी सवय लावा. वहीत दोन्ही लिहा. टर्मिनलमध्ये ‘पिनआउट’ ही कमांड दिली की तुमच्याच बोर्डाचा नकाशा समोर येतो.

आणखी एक. जागा १ वर ३.३ व्होल्ट, आणि शेजारी जागा २ व ४ वर ५ व्होल्ट. या दोन्हींना चुकून एखादी वायर किंवा मीटरचं टोक एकदम लागलं तर बोर्ड कायमचा जाऊ शकतो. जोडणी बदलताना दर वेळी वीज बंद करा. दर वेळी म्हणजे दर वेळी.

पहिला प्रयोग कोणता करू?

एक एलईडी लावा. बाळबोध वाटेल, पण पुढचे सगळे प्रयोग याच वाटेने जातात.

ब्रेडबोर्ड समोर घ्या. मधल्या खाचेच्या एका बाजूची पाच भोकं आतून एकमेकांना जोडलेली असतात, खाचेपलीकडची पाच वेगळी. कडेच्या लांब पट्ट्या लांबीने जोडलेल्या असतात. काही मोठ्या ब्रेडबोर्डवर या पट्ट्या मध्यावर तुटलेल्या असतात. तिथे रंगीत रेघही खंडित दिसते, ती बघून ठेवा.

जागा ६ ही ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची, शून्य व्होल्टची बाजू. तिथून काळी वायर निळ्या पट्टीत. एलईडीचा आखूड पाय निळ्या पट्टीत, लांब पाय एका मोकळ्या ओळीत. त्याच ओळीत ३३० ओहमच्या रेझिस्टरचं एक टोक (नारिंगी, नारिंगी, तपकिरी), दुसरं टोक पुढच्या एखाद्या ओळीत, आणि त्या ओळीतून एक वायर बोर्डाकडे.

ही शेवटची वायर लगेच जागा ११ ला लावू नका. आधी जागा १ ला, म्हणजे ३.३ व्होल्टला लावा आणि वीज द्या. दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर एलईडी उलटा आहे किंवा वायर सैल आहे, आणि प्रोग्रामचा त्यात काही संबंधच नाही हे आत्ताच सिद्ध झालं. लागला, तर वीज बंद करून तीच वायर जागा ११ ला हलवा आणि मग प्रोग्राम लिहा. आता दिवा लागला नाही तर चूक प्रोग्राममध्ये किंवा पिनेच्या क्रमांकात. अर्धी शोधाशोध इथेच वाचते. मी आजही कुठलंही नवं सर्किट असंच दोन टप्प्यांत तपासतो.

रेझिस्टर का? लाल एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले १.३ व्होल्ट रेझिस्टरवर. १.३ भागिले ३३०, म्हणजे जवळपास ४ मिलीअँपिअर. पिनेला सुखाने झेपतं. एका पिनेतून १६ मिलीअँपिअरच्या पुढे कधी जाऊ नका.

५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडला तर?

५ व्होल्ट सेन्सरला देणं चालतं. सेन्सरकडून ५ व्होल्ट पिनेत परत येणं चालत नाही. पायच्या जीपीआयओ पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि त्यापेक्षा जास्त व्होल्टेजपासून त्यांना संरक्षण नाही.

अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ माझ्याकडून असाच जोडला गेला. त्याची इको पिन ५ व्होल्ट देते, मी ती थेट जीपीआयओला लावली. थोडा वेळ अंतर अगदी बरोबर आलं. मग ती पिन कायम ‘हाय’ दाखवू लागली. बाकी बोर्ड ठणठणीत होता, म्हणून मला पिनेचा संशयच आला नाही. दोन दिवस प्रोग्राम उलटापालटा केला. शेवटी पिनेला लावलेलं सगळं काढून ती वायरने ग्राउंडला जोडली, तरी वाचन ‘हाय’च. तेव्हा कळलं की पिन गेली.

उपाय दोन रेझिस्टरांचा आहे. इकोपासून १ किलोओहम, पुढे २ किलोओहम ग्राउंडला, आणि दोघांच्या मधल्या सांध्यातून वायर जीपीआयओला. ५ व्होल्टचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३ व्होल्ट पिनेला मिळतात. जोडण्याआधी त्या सांध्यावर मीटर लावून आकडा बघून घ्या.

मोटर किंवा पंप पिनेवर चालेल का?

थेट कधीच नाही. पिन फक्त इशारा देते, ताकद दुसऱ्याने द्यायची. मधे ट्रान्झिस्टर किंवा मोटर ड्रायव्हर हवा आणि मोटरला तिचा स्वतःचा वीजपुरवठा हवा. मोटर बंद होताना तिच्या गुंडाळीतून उलटं, मोठं व्होल्टेज उसळतं. ते शोषायला मोटरला समांतर डायोड लावतात, १एन४००७ सारखा. डायोडची रेघ असलेली बाजू धन टोकाकडे.

दोन वीजपुरवठे असले की दोन्हींचं ग्राउंड एकमेकांना जोडावं लागतं. नाहीतर पिनेचे ३.३ व्होल्ट कशाच्या तुलनेत मोजायचे, हे ड्रायव्हरला कळतच नाही. नव्या माणसाचं मोटरचं सर्किट चालत नसेल तर मी सर्वांत आधी ही वायर शोधतो.

घरातल्या विजेच्या तारांना मात्र रिले (पिनेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घेऊनही हात लावू नका. ते काम जाणकाराचं.

तापमान किंवा मातीचा ओलावा कसा मोजू?

मातीचा ओलावा मोजणारे बरेच सेन्सर कमीजास्त होणारं व्होल्टेज देतात, आणि पायला ते वाचता येत नाही. त्याच्या पिनांना फक्त आहे किंवा नाही एवढंच कळतं. त्यासाठी एमसीपी३००८ ही छोटी चिप लावा : आठ सेन्सर जोडता येतात आणि वाचन ० ते १०२३ मध्ये येतं.

तापमानासाठी बहुतेक जण डीएचटी२२ ने सुरुवात करतात आणि मधेमधे वाचन हुकलं की गोंधळतात. तो सेन्सर शून्य आणि एक यांतला फरक पल्सच्या लांबीने सांगतो : सुमारे २६ ते २८ मायक्रोसेकंद म्हणजे शून्य, ७० म्हणजे एक. लिनक्स त्या क्षणी दुसऱ्या कामात असेल तर मोजणी चुकते. दोन सेकंद थांबून पुन्हा वाचायचं, इतकंच. फक्त तापमान हवं असेल तर डीएस१८बी२० घ्या. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा. आकडा एकदम ८५ अंश आला तर घाबरू नका. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होईपर्यंत तो ८५च दाखवतो. वारंवार ८५ दिसलं तर वायर सैल आहे किंवा वीज कमी पडते आहे.

बटण एकदा दाबलं, पण चार वेळा मोजलं गेलं.

बटणातले धातूचे पत्रे एकमेकांवर काही मिलीसेकंद थरथरतात, आणि बोर्ड इतका जलद आहे की प्रत्येक थरथर त्याला वेगळी वाटते. पिना चालवणाऱ्या पायथॉनच्या जीपीआयओ झिरो लायब्ररीत बटणाला बाऊन्स टाइम देता येतो. ०.०५ सेकंद देऊन बघा.

लायब्ररी इन्स्टॉल करताना एरर येते.

‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असं काही दिसत असेल, तर तुमच्याकडे बुकवर्म (रास्पबेरी पाय ओएसची एक आवृत्ती) किंवा त्यानंतरची ओएस आहे. तिच्यात पिप (पायथॉनच्या लायब्ररी बसवणारी कमांड) थेट सिस्टिमच्या पायथॉनमध्ये काही टाकू देत नाही. प्रकल्पासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथॉनची वेगळी, स्वतंत्र जागा) बनवा, आणि बनवताना सिस्टिमची पॅकेजेस दिसू देण्याचा पर्याय चालू ठेवा, म्हणजे आधीपासून असलेली जीपीआयओ झिरो तिथेही मिळते.

पाय ५ वर आणखी एक अडचण. त्याच्या पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे आहेत, त्यामुळे आरपीआय डॉट जीपीआयओ ही जुनी लायब्ररी त्यावर चालत नाही. जुन्या लेखातला प्रोग्राम तसाच उतरवला आणि चालला नाही, तर चूक तुमची नसते. जीपीआयओ झिरोमध्ये तो पुन्हा लिहा, बहुतेक वेळा छोटाच होतो.

सरळ प्लग काढला तर काय होतं?

बहुतेकदा काही नाही, आणि एक दिवस कार्ड उघडतच नाही. लिहिणं अर्धवट राहिलं की फाइल सिस्टिम बिघडते. मेनूतून बंद करा किंवा ‘सूडो पॉवरऑफ’ द्या, हिरवा दिवा शांत झाला की प्लग काढा. चालू स्थितीतल्या कार्डाची एक प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवलेली असू दे.

बोर्डाची वेळ चुकते.

पाय ४ पर्यंतच्या बोर्डांमध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही, वेळ ते नेटवर्ककडून घेतात. नेटवर्क नसलेल्या जागी नोंदी घ्यायच्या असतील तर डीएस३२३१ या घड्याळाचं मॉड्यूल लावा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, बॅटरी वेगळी लावावी लागते.

बोर्ड गरम होतो, चालेल?

८० अंशांपर्यंत चालेल. त्यापुढे तो स्वतःच वेग कमी करतो. पाय ५ ला पंखा लावा.

सगळं बरोबर आहे, तरी चालत नाही. शोधायचं कुठून?

विजेपासून. मीटर लावा : ५ व्होल्टच्या पिनेवर खरोखर किती आहेत? सेन्सरच्या स्वतःच्या पायावर किती आहेत? बोर्डावर ३.३ दिसतात आणि सेन्सरच्या पायावर शून्य, असं फार वेळा निघतं. मग ग्राउंड. मग प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हळूच हलवून बघा. जंपर वायर बाहेरून धडधाकट आणि आतून तुटलेली असू शकते, वीज काढून मीटरच्या कंटिन्युइटीवर (वायर सलग असेल तर आवाज देणारी सोय) तपासली की मीटर गप्प बसतो. अशी वायर सापडली की तिथेच कापून टाका, डब्यात परत गेली तर पुढच्या प्रयोगात तीच हाताला येईल.

सेन्सर मॉड्यूलला पिना नुसत्या खोचलेल्या आहेत आणि सोल्डर केलेल्या नाहीत, हेही बघा. आय-टू-सी (दोन तारांवरून माहिती देणारा) सेन्सर कधी दिसतो, कधी गायब होतो, याचं कारण अनेकदा हेच असतं. सोल्डरिंग शिकायला एक दुपार पुरते. आधी पिन आणि तिच्याभोवतीचं तांब्याचं कडं दोन्ही एकदम तापवायचं, मग त्या गरम जागेला सोल्डरची तार लावायची. सोल्डर ज्वालामुखीच्या आकारात पसरलं तर सांधा पक्का. गोळ्यासारखं वर बसून राहिलं तर पुन्हा तापवा.

हे सगळं झाल्यावर प्रोग्राम उघडा, आणि पहिल्यांदा पिनेचा क्रमांक बघा.